आढ्यावर कुणी चढायचं?

भावोजी: वहिनी, यंदा आढ्यावरचे कोने आणि मागची पन्हळ मी स्वतः करणार. गडी शोधायला नको. पुण्याचा माणूस मे महिन्यात आला की त्याला काहीतरी सुचतंच, असं तुम्ही मनात म्हणत असाल. पण आधी ऐकून तर घ्या. अख्खं छप्पर शाकारायला मी निघालेलो नाही. मंगलोरी कौलाची सगळी करामत त्याच्या खाचेत आहे. वरच्या कौलाची कड खालच्याच्या खाचेत बसते, शेजारच्याची शेजारच्यात, आणि पाण्याला आत यायला वाट उरत नाही. ही युक्ती फ्रान्समधल्या आल्सासच्या जिलार्दोनी बंधूंची, 1841 सालची. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथली कौलं गलबतांत भरून आपल्या बंदरांना लागू लागली. त्याआधीची नळीची कौलं नुसती एकावर एक पालथी-उताणी ठेवलेली, दरवर्षी सरकणारी. म्हणून तर दरवर्षी शाकारणी. मंगलोरी कौलांच्या पाख्याला मात्र वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही तरी तो गळत नाही. गळतं कुठे? जिथे कारखान्याची खाच संपते तिथे. आढ्यावर दोन पाखी मिळतात, तिथे कोना नुसत्या मालावर टेकलेला असतो. आणि मागे स्वयंपाकघराचं छप्पर मुख्य पाख्याला आतल्या कोनात मिळतं, त्या पन्हळीत कौल तिरकं कापावं लागतं. म्हणजे त्याची खाच आपण आपल्या हातानं तोडून टाकतो. शिकायच्या जागा एवढ्या दोनच, आणि तेवढं शिकून घेण्याइतकी अक्कल मला आहे.

वहिनी: अकलेबद्दल मी काही बोललेच नाही. पण त्या दोन जागांपर्यंत तुम्ही जाणार कसे? आढं जमिनीपासून अठरा-वीस फुटांवर, आणि तिथे पोचायची वाट त्याच कौलांवरून जाते, ज्यांना हात लावायची गरज नाही असं तुम्ही आत्ता म्हणालात. कौलांवरून चालणं ही वेगळी विद्या आहे, भावोजी. आपल्याकडे शाकारायला येतात ते पाय कुठे ठेवतात, कधी खाली उभं राहून पाहिलंत? कौलाच्या खालच्या टोकाला, जिथे त्याच्या पोटाखाली दुसरं कौल आणि त्याच्याही खाली रीप असते. पाऊल कौलाच्या मध्यावर पडलं की ते तडकतं. तडा केसाएवढा. वरून दिसत नाही, आवाजही पुष्कळदा येत नाही. तो दिसतो जुलैत, माजघरात, भिंतीवर ओघळ उतरला की. नवखा माणूस चार कोने नीट बसवतो आणि येता-जाता दहा कौलं तडकवून उतरतो. मग तो जातो पुण्याला. शिवाय आपली कौलं जुनी, त्यांच्यावर छाप आहे तो कारखाना आता बंद. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. गोठ्यामागे रचून ठेवलेली जुनी कौलं किती उरलीत, ती आधी बघून या. त्यावरून ठरवा, तुम्हाला किती चुका परवडतील.

भावोजी: म्हणूनच कौलांवरून चालायचं नाही. मंगलोरी कौल रिपेला फक्त त्याच्या पोटाच्या नाकानं अडकलेलं असतं, खिळा नसतो. वरच्या रांगेतलं कौल जरा वर ढकललं की खालचं अलगद निघतं. वळचणीपासून आढ्यापर्यंत दीड-दोन हातांची पट्टी उघडी करायची, काढलेली कौलं बाजूला न रचता खाली उतरवून घ्यायची, आणि वाशांवर पाय देत वर जायचं. वासा पायाला कळतो, रीप कळते. कौलाखाली काय आहे हे मात्र अंदाजानं ठरवावं लागतं, आणि तो अंदाज माझ्याकडे नाही हे मला मान्य आहे. दोर आढ्यावरून पलीकडे टाकून खाली फणसाच्या बुंध्याला बांधायचा, अलीकडे माझ्या कमरेच्या नाही, छाती-खांद्यांच्या पट्ट्याला. आमच्या सोसायटीच्या बाहेरून रंग द्यायला आलेली मुलं जो पट्टा घालतात, तसला. शिडी चार हात उंचीला एक हात पाय मागे, वळचणीच्या वर तीन फूट निघालेली, आणि वर बांधून घेतलेली. शेवाळ ओलं असेल तर त्या दिवशी काम नाही. हे सगळं मी लिहून काढलंय. मला सांगा, आजवर आपल्या छपरावर जे जे चढले, त्यांच्यातल्या एकाच्या तरी अंगाला दोर होता?

वहिनी: नव्हता. त्याबद्दल नंतर बोलू, तो मुद्दा मी विसरणार नाही आणि तुम्हीही विसरू नका. आधी हे सांगा, कुठे गळतंय ते तुम्हाला कसं कळलं? ओटीवरच्या झोपाळ्यापाशी ठिपका पडलाय, म्हणून त्याच्या बरोबर वरचा कोना गेला, असंच ना? पाणी असं सरळ खाली पडत नाही. कोन्याखालून आत आलेला थेंब वाशाच्या पोटाला चिकटतो, वाशाबरोबर उतरत जातो आणि पहिली गाठ, खिळा किंवा रीप लागली की तिथे सुटतो. टपकतं तिथून छिद्र चार हात वर असतं. मी या छपराखाली बारा महिने राहते, म्हणून मला त्याच्या सवयी माहीत आहेत. नैर्ऋत्येकडून झड आली की पहिल्या दोन-चार झोतांतच ओटीवर थेंब येतात, आणि वारा पडला की पाऊस कितीही असो, थांबतात. ते आढं. आढ्यावर पाणी साठत नाही, त्याच्या डोक्यावर पडेल तेवढंच. त्याला वाऱ्यानं आडवं मारलं तरच ते आत येतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं गळणं वेगळं. ते भुरभुर पावसात कधी होत नाही. चांगला अर्धा-पाऊण तास धो धो कोसळला की सुरू होतं आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ टिपकत राहतं. ती पन्हळ. पानं अडकून तळं झालेलं असतं, ते कडेनं कौलाखाली उतरतं. आता हे ज्ञान कुणाचं? तुम्ही मेमध्ये येता. मेमध्ये घर गळत नाही. जे छप्पर गळताना तुम्ही पाहिलंच नाही, ते दुरुस्त करायला तुम्ही निघालात.

भावोजी: हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण वहिनी, तुम्ही जे सांगितलंत त्यानं माझी बाजू पडत नाही. उलट कामावर येणाऱ्या गड्यालासुद्धा हे माहीत नसतं. तोही मेमध्येच येतो. तो विचारतो, गळतंय कुठे? तुम्ही बोट दाखवता, तो तिथे माल थापतो आणि जातो. तुमची माहिती आणि माझा हात एकत्र आले तर निदान घरातल्या घरात तरी राहतील. पन्हळीचंच बघा. आपल्या पाख्याचा उतार साधारण तीस अंशांचा. दोन सारख्या उताराची पाखी काटकोनात मिळाली की मधल्या पन्हळीचा उतार बावीस अंशांच्या आसपासच उरतो, कारण ती तिरकी जाते, तेवढ्याच उंचीला जास्त लांबी घेते. म्हणजे छपरावरची सगळ्यांत सपाट जागा तीच, आणि सगळ्यांत जास्त पाणीही तिलाच. दोन्ही पाख्यांचं मिळून तीस चौरस मीटर पाणी तिच्यात येतंय असं धरा. तासाला शंभर मिलिमीटरच्या वेगानं सर कोसळली तर मिनिटाला पन्नास लिटर. दोन-अडीच बादल्या, दर मिनिटाला, वीतभर रुंदीच्या वाटेनं. इथे दापोलीला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, तो सगळा सारख्या चालीनं पडत नाही. घर गळतं ते अशा पंधरा मिनिटांत. आता मागच्या खेपेला तिथे काय करून ठेवलंय? कापलेल्या कौलांच्या कडा पत्र्याला सिमेंटनं दोन्ही बाजूंनी चिकटवून टाकल्यात. दिसायला सुबक. पण त्या सिमेंटनं वाट निम्मी केली, पानं अडकायला खडबडीत काठ दिला, आणि भेगेतून पाणी वर शोषून कौलाखाली नेण्याची सोयही केली. शिवाय ओला सिमेंटचा माल जस्ताला खातो. पत्रा जिथे त्याला टेकलाय तिथेच गंजलाय, मधे नाही.

वहिनी: ते मीही पाहिलंय. काठाला गंजाच्या रेघा आहेत.

भावोजी: मग करायचं काय, तर दोन्हीकडची कौलं काढायची, जुना पत्रा उचलायचा, खालचा कोनवासा पाहायचा. तो टोचून बघितल्यावर मऊ लागला तर माझं काम तिथेच संपलं, सुताराला बोलवायचं. धड असेल तर नवा जस्ताचा पत्रा, दोन्ही बाजूंना कौलाखाली चांगला वीतभर शिरलेला, कडा वर दुमडलेल्या, म्हणजे बाजूला सरकलेलं पाणी दुमडीला अडून परत मधे येईल. तुकडे जोडायचे तर खालून वर, वरचा खालच्यावर निदान सहा इंच. मधली वाट चार-पाच इंच मोकळी. कापलेल्या कौलाला माल नाही. भोक पाडून गॅल्व्हनाइज्ड तारेनं रिपेला बांधायचं. तांब्याची तार नको, जस्ताशी तिचं जमत नाही. यात ताकद कुठेच नाही, घाई न करणं आहे. रोजावर आलेल्या माणसाला घाई असते, त्याचा दोष नाही. मला नसते.

वहिनी: पन्हळीचं मी तुम्हाला देऊन टाकते. खरंच. तिचं खालचं टोक स्वयंपाकघराच्या वळचणीला, शिडीवरून हाताला येतं. वरचं टोकही मुख्य आढ्याच्या बरंच खाली आहे. पडलात तर हात मोडेल, मान नाही. आणि मुळात आपल्या घराला पन्हळ नव्हतीच. मामंजींच्या आधीचं घर सरळ चौपाखी, सगळं पाणी बाहेर टाकणारं. मागचं स्वयंपाकघर नंतर जोडलं, आणि जोडणाऱ्यांनी पाण्याला घराच्या पोटात आणलं. तेव्हा घरच्यांनी केलेली भानगड घरच्यांनी निस्तरावी, हे न्यायाचंच आहे. पण तुम्ही पन्हळ दाखवून आढं मागताय. दोन्ही एका दमात उच्चारता, कारण दोन्ही गळतात. मला ती दोन वेगळी कामं वाटतात. पन्हळीत पाणी समजावं लागतं. आढ्यावर उंची आणि माल, दोन्ही समजावं लागतं, आणि तुम्हाला एकही येत नाही.

भावोजी: माल येतो, असं मी म्हणेन, निदान काय करू नये ते येतं. आढ्यावरचा आत्ताचा सिमेंट तुम्ही पाहिलाय? एकाला तीनचा असावा, दगडासारखा. छप्पर लाकडाचं आहे, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं. सिमेंट हलत नाही, मग तो फुटतो. भेग कोन्याच्या कडेनंच जाते, कारण कौलाला आणि मालाला सोडायची तीच जागा. शिवाय कोन्याची पोकळी पूर्ण भरलीय. कोना कडांवर टेकला आणि दोन कोन्यांचा सांधा भरला की पुरे, मधे पोकळ राहायला हवं. भरून टाकलं की आढ्याच्या डोक्यावर वजन येतं आणि भेगेतून आत गेलेलं पाणी स्पंजासारखं तिथेच राहतं, थेट लाकडाला टेकून. आणि आता तो काढायला जाल तर कोनाही फुटणार, कारण माल कौलापेक्षा कडक आहे. चुन्याच्या मालाचं उलट. तो मऊ, लाकडाबरोबर थोडा हलतो, ओल बाहेर सोडतो, आणि पन्नास वर्षांनी छिन्नी लावली तर कोना अख्खा सुटतो. म्हणून मला चुना आणि विटांची सुरखी वापरायची आहे. कोने आधी पाण्यात भिजवायचे, नाहीतर कोरडं कौल मालातलं पाणी पिऊन टाकतं आणि माल भुसभुशीत होतो. हे तुमच्या गड्याला सांगा. तो हसेल आणि सिमेंटची गोणी फोडेल.

वहिनी: तो हसेल, पण तुम्हाला हसेल की कॅलेंडरला? चुना मेच्या शेवटच्या आठवड्यात लावतात का? चुना हवा पिऊन घट्ट होतो, सावकाश. सुरखी घातली की थोडा लवकर धरतो, तरी त्याला काही आठवडे ओल आणि सावली लागते; रोज पाणी मारायचं, वर ओली गोणपाटं घालायची, तीही वैशाखातल्या उन्हात, आढ्यावर. मृग सात-आठ जूनला. वळवाचा एखादा दणका त्याच्याही आधी. कच्चा चुना पहिल्या पावसात पांढरं पाणी होऊन पाख्यावरून खाली येईल. चुन्याचं आढं करायचं तर माघ-फाल्गुनात. तेव्हा तुम्ही इथे नसता. आणि सिमेंट का आला, हे इतकं बोलून तुम्हाला दिसलं नाही? तो काही गड्याच्या अडाणीपणानं नाही आला. घरमालक मेमध्ये पंधरा दिवस येतो, त्याच्यासमोर काम पुरं व्हायला हवं, पैसे देऊन त्याला गाडी पकडायची असते. चार दिवसांत घट्ट होणारा माल त्यालाच लागतो. आढ्यावर जे थापलेलं आहे ते तुमच्यासारख्यांच्या रजेच्या मापाचं आहे. तुम्ही तीच रजा घेऊन आलात आणि चुना मागताय.

(इथे लेखकाला मधे बोलण्याचा मोह आवरत नाही. कोकणातल्या घराघरांत मेमध्ये हा वाद वेगवेगळ्या शब्दांत होतो, आणि तो बहुतेक वेळा खर्चावर येऊन संपतो. या दोघांनी खर्चाचा शब्दही काढलेला नाही, म्हणून तो इथे मांडण्याजोगा वाटला.)

भावोजी: बरोबर आहे. माझ्याजवळ उत्तर नाही, अर्धंमुर्धं आहे. पण मघाशी तुम्ही एक मुद्दा नंतरसाठी ठेवला होता, दोराचा. मी आढ्यावर चढू नये, कारण मी पडेन. ठीक. मग माझ्याऐवजी जो चढणार, तो पडला तर? त्याला चालायची सवय आहे, म्हणून शक्यता कमी. पण पडायची उंची तेवढीच आहे आणि अंगाला काही नाही. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली कायदा केला तेव्हा स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांच्या आतलं काम त्यातून वगळलं. म्हणजे आपल्या आढ्यावरच्या माणसाची चिंता कायद्यानंही आपल्या भल्या मनावर सोडली. आणि आपलं भलं मन काय करतं? खाली उभं राहून सांगतं, जपून हो. धोका आहे म्हणून मी नको आणि तो चालेल, या वाक्यात काहीतरी घाणेरडं आहे, वहिनी. मी चढलो तर निदान ते वाक्य मला बोलावं लागत नाही.

वहिनी: तुम्ही चढलात की ते वाक्य मला बोलावं लागतं, आणि ह्यांना. पण मुद्दा टाळत नाही. घाणेरडं आहे, खरं. मात्र त्यावर दोन औषधं आहेत, तुम्ही एकच धरलंत. त्याच्याऐवजी तुम्ही चढणं हे एक. तुमच्याजवळचा तो पट्टा आणि दोर त्याला देणं, त्याचं काम दोन दिवस जास्त चालेल तेवढा रोज देणं, हे दुसरं. पट्टा विकत घेताना तुमच्या मनात फक्त तुमचंच अंग होतं. आणि दुसरीही एक गोष्ट. आपल्याकडे शाकारायला येतो तो माणूस साठीला आलाय. त्याचा मुलगा मुंबईला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आढी उघडी पडली, कोने तर अंगणाबाहेर जाऊन पडले; वाऱ्याची ओढ आढ्यावर आणि कडांवर जास्त, म्हणून आधी तेच उडतात. त्यात टाळेबंदी. कौल मिळेना, माणूस मिळेना, वर पाऊस. त्या वर्षी कितीतरी घरांनी कौलं उतरवून पत्रे घातले आणि परत कौलांकडे वळलीच नाहीत. त्या म्हाताऱ्याला आता वर्षाकाठी मिळतात तेवढ्या घरांत आपलं एक. तुम्ही आढं आणि पन्हळ काढून घेतलीत तर त्याच्यासाठी काय उरतं? मधलं पाखं, ज्याला तुमच्याच म्हणण्याप्रमाणे काही करावं लागत नाही. कसब असतं ते त्या दोन जागांत. हौशी माणसानं बरोबर तीच उचलली तर हे काम शिकायला पुढचा कोण येणार?

भावोजी: पण पुढचा येतोय कुठे? मी न चढल्यानं त्याचा मुलगा मुंबईहून परत येणार नाही. उद्या तो म्हातारा थकला की मला चढता येत नसेल, तुम्हाला येत नसेल, आणि मग पत्रे. किंवा कौलांच्या वर लोखंडी सांगाडा आणि त्यावर पत्रा. घर उन्हात डब्यासारखं तापतं, पावसात एकमेकांशी बोलता येत नाही. लोक ते हौसेनं करत नाहीत, मला कळतं. वानरं एका दुपारी दोन पाखी विस्कटून जातात, दरवर्षी कोण बसवणार? पण म्हणूनच मी म्हणतो, घरातल्या एकाला तरी हे यायला हवं. एका माणसाचं पोट त्यावर चालणं आणि एका घराला ते येणं, यांत मला भांडण दिसत नाही. आणि निसर्गनंतर तर नुसत्या मालाच्या भरवशावर कोना ठेवूच नये. ब्रिटनमध्ये 2014 च्या मानकापासून आढ्याचे कोने नुसत्या मालावर बसवलेले धरत नाहीत, त्यांना खिळ्या-स्क्रूची पकड लागते. आपल्याकडे निदान प्रत्येक कोन्याला तार हवी, आढ्याला बांधलेली. हे म्हाताऱ्यालाही नवीन आहे. म्हणजे शिकायचं त्याला आहे आणि मलाही.

वहिनी: मग तुम्ही दोघं वर बसा. एकटे नाही. मी अडवते ती तुमच्या 'स्वतः' या शब्दासाठी. तुम्ही स्वतः म्हणता तेव्हा त्यात मी नसते, तो नसतो. घर गळताना पाहणारी मी, पाय कुठे ठेवायचा ते जाणणारा तो, माल आणि पत्रा वाचून आलेले तुम्ही. तिघांतलं कुणीच एकट्यानं आढं करू शकत नाही, पण तुम्ही तिघांतले एकच असे की ज्यांना वाटतं, आपण करू शकू.

भावोजी: असं नेमून दिलं की ऐकायला छान वाटतं. पण मला वाटतं, तुम्ही अडचण फक्त पुढे ढकललीत. तिघं एका वेळी इथे कधी असतात? तुम्ही बारा महिने, तो बोलावल्यावर, मी मेमध्ये. चुन्याला माघ हवा, गळणं जुलैत कळतं, मला रजा वैशाखात. हे छप्पर अशा घरासाठी केलेलं होतं जिथे सगळे बारा महिने असायचे. आता नाहीत. मग घराला माणसांच्या वेळा पाळायला लावायच्या, म्हणजे सिमेंट, पत्रा, किंवा माणसांनी घराच्या, हा खरा प्रश्न आहे, आणि मी घराच्या वेळा पाळतो असं मला म्हणता येत नाही.

वहिनी: मीही सगळ्या पाळत नाही. मागच्या श्रावणात पन्हळीतली पानं काढायला पाहिजेत हे मला दिसत होतं. फणसाची पानं केवढी असतात! काठी हातात घेऊन शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि उतरले. तेव्हा इथे कुणी असतं तर पत्रा इतका गंजला नसता, की गंजलाच असता, सांगता येत नाही. म्हणून यंदा पन्हळ घ्या तुम्ही. उद्याच. शिडी बांधून घ्या, मी धरून उभी राहणार नाही. धरलेली शिडी निसटते, बांधलेली नाही. आढ्याला हात लावायचा नाही. त्यातले सैल कोने कुठले, ते आतून माळ्यावर जाऊन दिवसा बघा, उजेडाची फट दिसेल. तिथे वाशावर खडूनं खूण करा. त्याला कुणाची मान लागत नाही.

भावोजी: खुणा करून काय? यंदाचा पाऊस खुणांनी थांबणार आहे?

वहिनी: माघात तो म्हातारा येईल तेव्हा त्याला बोट दाखवायला मी असेन, आणि चुना मिळवून ठेवायला फोनवर तुम्ही. रजा मिळाली तर या. नाही मिळाली तर पट्टा इथे ठेवून जा.

भावोजी: माघापर्यंत एक अख्खा पावसाळा आहे मधे. सैल कोने तसेच सोडायचे? निदान तेवढे तारेनं बांधू दे. माल नाही, चुना नाही, नुसती तार. आतून, माळ्यावरूनच, दोन कौलं वर सरकवली की कोन्याच्या कडेपर्यंत हात जातो.

वहिनी: आतून जातो?

भावोजी: जायला हवा. आढ्याजवळ उंची कमी आहे, पण जाईल. झड मात्र त्यानं थांबणार नाही, ओटीवर थेंब येतीलच.

वहिनी: थेंबांना मी परात ठेवीन. कोना उडाला तर परात पुरत नाही. बघा आतून जमतं का; पण आधी पन्हळ, आणि कौलं सरकवायच्या आधी गोठ्यामागची मोजून या.